जोडधंदा

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पाण्याची बाटली भरून मी झोपायला निघालो होतो, तेवढ्यात मुलीच्या खोलीच्या बंद दारामागून गिटार ऐकू आली. दबकी गिटार. सूर उमटायचा आणि तारेवर रेंगाळायच्या आत पुसला जायचा, जणू कुणी तारेखाली रबराचा तुकडा सरकवला आहे. मी तिथेच थांबलो. पायाखालची फरशी गार लागत होती, बाटलीचं झाकण नीट न लावल्यामुळे मनगटावर पाणी ओघळत होतं, आणि मला दोन-चार सेकंदांत कळून चुकलं की हा हात आपल्या ओळखीचा आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की वर न बघता कोण आलंय ते कळतं ना, तसं. आनंदाच्या भरात दार वाजवायचंही राहिलं. पंधरा वर्षांची पोरगी अखेर आपलं काहीतरी ऐकतेय! "अगं, हे नॅशनल आहे ना?" मी दार ढकलतच म्हणालो. 'द नॅशनल' म्हणजे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेला अमेरिकन रॉक बॅंड. तिने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं, "टेलर स्विफ्ट आहे." मग माझा चेहरा बघून, लहान मुलाची समजूत काढावी तशा सुरात म्हणाली, "बाबा, हे तुझं नाहीये."

दार लावून घे, असंही म्हणाली.

अंथरुणावर पडल्यावर मी काय करावं? त्या गाण्याची श्रेयनामावली उघडून बसलो. अंधारात डोळे बारीक करून वाचली. स्विफ्टचा अल्बम 'फोकलोर', जुलै २०२०. माझा कान खोटा ठरला नव्हता. गिटार नॅशनलच्या ऍरन डेस्नरचीच होती, आणि रबरही खरंच होतं: तारा जिथे टेकतात त्या घोडीवर रबर बसवलेली गिटार, जिचा आवाज मुद्दाम जुना, मुका केलेला असतो. मूळ सोळा गाण्यांपैकी अकरांच्या निर्मितीत तो होता. काही गाण्यांचा वाद्यमेळ त्याच्या जुळ्या भावाने, ब्राइसने लिहिलेला. आणि 'सेव्हन' नावाच्या गाण्यात ड्रमचं काम ब्रायन डेव्हेनडॉर्फचं. म्हणजे 'द नॅशनल'मधल्या पाचातले तिघं तिथे होते. आपली माणसं दुसऱ्याच्या घरात, चपला काढून, मांडी घालून निवांत बसलेली दिसावीत, तसं काहीसं झालं. वाईट वाटायचं खरं तर काही कारण नव्हतं. ती चांगलीच दिसत होती तिथे. मला लागलं होतं ते मुलीचं वाक्य. माझं नाही, हे बरोबर. पण मग माझं होतं ते नेमकं काय होतं?

साइड प्रोजेक्टला मराठीत मला एकच शब्द सुचतो, जोडधंदा. शब्द जरा ओबडधोबड आहे, पण त्यात खरेपणा आहे. मुख्य धंदा एक आणि त्याला आधार म्हणून, नाहीतर जिवाला विरंगुळा म्हणून, बाजूला काहीतरी. या पाच जणांचे जोडधंदे मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते अपमानासारखे वाटायचे. आम्ही इथे एकेका अल्बमसाठी तीन-तीन, चार-चार वर्षं डोळे लावून बसायचं आणि यांनी तेवढ्यात दुसरीकडे रमायचं! याला सवतीमत्सर म्हणतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पहिला घाव गायकाने घातला. नॅशनलमध्ये भावांच्या दोन जोड्या आहेत, डेस्नर जुळे आणि डेव्हेनडॉर्फ बंधू. मॅट बर्निंगर तेवढा एकटा. त्यामुळे असेल किंवा त्याच्या त्या खर्जातल्या आवाजामुळे असेल, माझ्यासाठी बॅंड म्हणजे तोच होता. २००७ च्या 'बॉक्सर' अल्बमपासून मी त्या आवाजाच्या आसऱ्याने राहत आलोय. नोकरी लागली, सुटली, पुन्हा लागली. वडील आजारी होते तेव्हा रात्रीच्या जागरणात एका कानात इअरफोन आणि दुसरा कान त्यांच्या श्वासाकडे, असं मी 'हाय व्हायोलेट' ऐकलंय. तो आवाज म्हणजे कुणीतरी शेजारी बसून, आपल्याकडे न बघता, स्वतःशीच पुटपुटतंय असं वाटायचं. सांत्वन करायला आलेला माणूस गप्प बसला की कसं बरं वाटतं! आणि २०१५ च्या शेवटी हा माणूस एकदम 'एल व्हाय' नावाच्या जोडगोळीत उगवला. एल्विस या नावाचं गमतीत केलेलं अनेकवचन म्हणे. गाण्यांना ठुमकता बेस, खोडकर कीबोर्ड, आणि वर हा, चक्क मजेत. मी 'रिटर्न टू द मून' दोनदा ऐकला आणि बंद केला. माझ्या दुःखातला साथीदार मला न सांगता सुखी झाला होता, आणि हे मला अजिबात सहन होत नव्हतं. हसू येतं आता. पण त्या वेळी मी खरोखर रुसलो होतो, आणि ज्याच्यावर रुसलो होतो त्याला मी या जगात आहे हेही ठाऊक नव्हतं.

त्या फरशीवरच्या रात्रीनंतर मी ठरवलं की एकदा सगळे जोडधंदे ओळीने ऐकायचे. रोज एक. रात्रीची भांडी मी घासतो, तो माझा वेळ. हात ओले असल्यामुळे गाणं बदलता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. कंटाळा आला तरी कढई होईपर्यंत ऐकावंच लागतं.

आधी एल व्हायच. आठ वर्षांनी राग निवळला होता आणि मला वेगळंच काहीतरी ऐकू यायला लागलं. बर्निंगरच्या जोडीला इथे ब्रेंट नॉफ आहे, आधी 'मेनोमेना' या पोर्टलंडच्या बॅंडमधला. या नॉफने मेनोमेनासाठी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. खोलीत एकच मायक्रोफोन. तो आळीपाळीने एकमेकांच्या हातात द्यायचा, ज्याच्याकडे येईल त्याने सुचेल ते वाजवायचं, सॉफ्टवेअर त्याची गुंडाळी करून पुन्हापुन्हा वाजवत राहणार, आणि त्या ढिगातून मग गाणं शोधायचं. एल व्हाय ऐकताना हे माहीत असलं की मजा येते. प्रत्येक तुकडा डब्यासारखा दुसऱ्या तुकड्यावर रचलेला आहे. सुबक, हुशार, कुठे म्हणून धक्का लागत नाही. आवाज तोच, शब्दांचा तिरकसपणा तोच, उलट शब्द तर काही ठिकाणी जास्त मोकळे. तरी मला सारखं वाटत होतं की कुणीतरी आलेलं नाही. फोटोत सगळे हसताहेत आणि आपण मनातल्या मनात मोजतोय, कोण राहिलं, कोण राहिलं.

नॉफने २०११ मध्ये मेनोमेना सोडला. गंमत अशी की त्या बॅंडमध्ये मागे राहिलेला डॅनी साइम, त्याच २०१५ सालात, नॅशनलच्याच दुसऱ्या एका माणसाबरोबर अल्बम करून बसला होता. फुटलेल्या बॅंडची एक फोड गायकाच्या वाट्याला आली आणि दुसरी ड्रमवाल्याच्या. त्या दुसऱ्या बॅंडचं नाव 'फार्मर्स', पण सुरुवातीला एक मुका 'पी'. शेतकऱ्यांचाच जोडधंदा! अल्बमचं नाव 'गनेरा', म्हणजे माणूस खाली उभा राहू शकेल एवढ्या पानांची एक वनस्पती. ट्रॉम्बोनवर डेव्ह नेल्सन. मी काही फार अपेक्षा न ठेवता लावला आणि तवा घासायला घेतला.

तो तवा मी नक्की किती वेळ घासला, देव जाणे.

गाणी तशी बेताचीच होती. धूसर, लांबट, गायकाचा आवाज धुक्यात ठेवलेला. पण खाली ड्रम सुरू झाले आणि माझ्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं. ज्याची गैरहजेरी मला एल व्हायमध्ये टोचत होती तो माणूस हा होता. इतकी वर्षं मी ज्याला गायकाचं दुःख समजत होतो, त्यातलं निम्मं ब्रायन डेव्हेनडॉर्फच्या मनगटात होतं. आणि मला पत्ताच नव्हता. लोक गायकाच्या प्रेमात पडतात, फार तर गिटारवाल्याच्या. ड्रमवाल्याकडे कोण बघतं? चष्मा, लांब केस, कपाळाला पट्टी, मागे कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला.

ताबडतोब हात पुसले आणि 'बॉक्सर' लावला. पहिलंच गाणं, 'फेक एम्पायर'. पियानोची ती सुरुवात ब्राइसची, तीनावर चार अशी गुंफलेली. हे काय प्रकरण आहे ते ओट्यावर करून पाहता येतं. मनात बारापर्यंत सारख्या गतीने मोजा. डाव्या हाताची थाप १, ५ आणि ९ वर. उजव्याची १, ४, ७ आणि १० वर. दोन्ही हात फक्त एकावर भेटतात, तीच सम. पुढचे अकरा आकडे एकमेकांना चुकवत फिरतात. मला हे जमायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि जमलं तेव्हा इतका वेळ निर्जीव वाटणारा ओटा एकदम चालायला लागला. आता या चकव्यात तुम्ही ड्रमवाला म्हणून कुठे पाय ठेवाल? चारावर ठेवला तर तीन रुसणार, तीनावर ठेवला तर चार. गाण्यात बराच वेळ तो काही वाजवतच नाही. पियानो आणि आवाज आपापल्या वाटेने फिरत राहतात. मग तो येतो आणि दोघांनाही न दुखवता मधून वाट काढतो, आणि तिथून पुढे गाणं घसरणीला लागलेल्या सायकलीसारखं सुटतं. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पण ते कुणामुळे घडतं, ते मला त्या ओल्या हातांनी पहिल्यांदा कळलं.

'ब्लडबझ ओहायो'चंही तसंच. त्यात बर्निंगर चालतो आणि डेव्हेनडॉर्फ धावतो. वरचा सूर जड पावलांनी, घरी जायची इच्छा नसलेल्या माणसासारखा, आणि खाली ड्रम उर फुटेस्तोवर. दोघांचाही वेग आपल्याच छातीत एकदम चालू असतो म्हणून ते गाणं आवडतं, असं माझं आताचं मत. आधीचं मत होतं, काय आवाज आहे!

मग मी त्याच्या मागावरच निघालो. दोघा डेव्हेनडॉर्फ भावांनी बेन लान्झ या नॅशनलबरोबर दौऱ्यावर असणाऱ्या ट्रॉम्बोनवाल्याला घेऊन एक बॅंड काढलाय. त्याच्या नावातले स्वर गायब आहेत, फक्त व्यंजनं: एल-एन-झेड-एन-डी-आर-एफ. म्हणायचं 'लान्झेनडॉर्फ'. आपल्या लिपीत हे नाव लिहायचं तर व्यंजनांना आपोआप 'अ' चिकटतो आणि सगळी करामत फुकट जाते. २०१६ चा त्यांचा पहिला अल्बम सिनसिनाटीतल्या एका चर्चमध्ये, थोड्या दिवसांत, बहुतेक सुचेल तसं वाजवत केलेला. बेस आणि ड्रम, भाऊ आणि भाऊ, एकच चक्र दहा-दहा मिनिटं, आणि वर लान्झ हवं ते शिंपडतोय. यात शब्द नावापुरते आहेत. नॅशनलच्या गाण्यातून गाणं काढून घेतलं आणि फक्त चालत राहणं ठेवलं तर जे उरेल ते. मला अतिशय आवडला. बायको स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "अहो, मिक्सर चालू राहिलाय का?"

असं वाटायला लागलं की हे सगळं वजाबाकीचं गणित आहे. बॅंडमधून एकेक माणूस बाजूला उचलून बघायचा आणि मागे काय कमी झालं ते टिपायचं. प्रत्येक जोडधंदा म्हणजे एक आयती वजाबाकी. मी खरोखर वहीत लिहायला लागलो होतो. हे कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

ब्राइसच्या वाटेला जायला मी सगळ्यात जास्त घाबरत होतो. तो येल विद्यापीठातून रीतसर संगीत शिकलेला. त्याचं नाव सिंफनी ऑर्केस्ट्रांच्या बातम्यांत येतं. तिथे गेलं की आपल्याला काही कळणार नाही आणि आपण टाळ्या चुकीच्या जागी वाजवू, अशी भीती. 'क्लॉग्ज' हा त्याचा बॅंड जवळपास नॅशनलइतकाच जुना. ऑस्ट्रेलियन व्हायोलावादक पद्मा न्यूसम, बॅसून हे लाकडी फुंकवाद्य वाजवणारी रेचल एलियट, तालवाद्यांवर टॉमस कोझुम्प्लिक आणि गिटारवर ब्राइस. या बॅसूनचा आवाज मला शब्दांत धरता येत नाही. लाकडाला सर्दी झाली तर ते असं बोलेल. २०१० चा त्यांचा अल्बम इटलीतल्या इस्किया बेटावरच्या एका बागेवर आहे, संगीतकार विल्यम वॉल्टनच्या पत्नीने फुलवलेल्या. मी तो रविवारी दुपारी लावला आणि अर्ध्यात झोपलो. जाग आली ती बर्निंगरच्या आवाजाने. मला वाटलं स्वप्न आहे. पण नाही, 'लास्ट साँग' नावाच्या गाण्यात तो खरंच गातो, पाहुणा म्हणून. परक्या गावात चुकल्यावर अचानक आपल्या भाषेतला माणूस भेटावा तसा मी उठून बसलो. आणि मग लक्षात आलं की याच पद्मा न्यूसमने नॅशनलच्या जुन्या अल्बमांचा वाद्यमेळ सांभाळलाय. 'फेक एम्पायर'च्या शेवटी जे ट्रंपेट-ट्रॉम्बोन उसळतात ते त्याचेच. परकं गाव कसलं, आपल्याच घराचं मागचं दार होतं ते. मी कधी तिकडून आलो नव्हतो, इतकंच.

क्रोनोस या तंतुवाद्यांच्या चौकडीने वाजवलेलं ब्राइसचं 'आहाइम' मात्र मी जागा राहून ऐकलं. यिडिश शब्द, अर्थ घराकडे. लहानपणी दोघं जुळे तासन् तास आजीपाशी बसून, ती अमेरिकेला कशी आली, हेच पुन्हापुन्हा विचारायचे. त्यातून आलेली ही रचना, आजीलाच वाहिलेली. चार वाद्यं एकदम तारांवर तुटून पडतात. सुरुवातीलाच धावपळ, पाठीवर बोचकं. पुढे मध्येच सगळं निवळतं आणि पुन्हा पळापळ. मला यातलं शास्त्र कळलं नाही, पण पळणं कळलं. नात्याबाहेरच्या माणसाला गाणं सांगतो आणि आजीला चार वाद्यं देतो, असा हा मुलगा. ब्राइसचं सगळंच मला झेपतं असं मात्र नाही. सुफियान स्टीव्हन्स, निको म्यूली वगैरे मंडळींबरोबरचं ग्रहमालेवरचं २०१७ चं 'प्लॅनेटेरियम' मी तीनदा प्रयत्न करून सोडलं. इतके गुणी लोक एका खोलीत आले की बहुधा कुणीच कुणाला 'पुरे' म्हणत नाही.

आणि ऍरन. ज्याच्या गिटारमुळे हे सगळं सुरू झालं तो. त्याच्या 'बिग रेड मशीन' या जोडधंद्याची जन्मकथा मला त्याच्या गाण्यांपेक्षाही आवडते. एका संकलनासाठी त्याने 'बॉन इव्हेर' या बॅंडच्या जस्टिन व्हर्ननला शब्द नसलेली एक धून पाठवली. फाइलला नाव दिलेलं, 'बिग रेड मशीन'. ऍरन सिनसिनाटीचा, त्याच्या मनात होता सत्तरच्या दशकातला तिथला बेसबॉल संघ, ज्याला लोक याच नावाने ओळखायचे. व्हर्ननला बेसबॉलचं काही सुचलं नाही. त्याला वाटलं, मोठं लाल यंत्र म्हणजे हृदय. आणि त्याने हृदयावर गाणं लिहून पाठवलं. २००९ मध्ये ते 'डार्क वॉज द नाइट' या संकलनात आलं, आणि पुढे नऊ वर्षांनी त्याच नावाने दोघांनी अख्खा अल्बम केला. एका माणसाने खेळ म्हणून पाठवलेलं दुसऱ्याला काळीज म्हणून पोचलं. ही चूक कुणी दुरुस्त केली नाही, हे फार बरं झालं.

तो पहिला अल्बम खडबडीत आहे, अर्धवट कच्चा, म्हणून जिवंत. २०२१ चा दुसरा मला मऊ वाटतो. पाहुणेही बरेच, त्यात टेलर स्विफ्टही. प्रत्येक गाणं उशीसारखं. ऍरनचा हा गुण आहे आणि हीच खोड आहे. त्याच्या हातात काही दिलं की तो ते पांघरुणात गुंडाळून परत देतो. 'फोकलोर'ला त्याचाच फायदा झाला. मी मुलीची नजर चुकवून तो पूर्ण ऐकला, इअरफोन लावून, चोरासारखा. चांगला आहे. फार चांगला आहे. आणि ऐकताना मला जे वाटत होतं ते कौतुक नव्हतं, हे कबूल केलेलं बरं. पंधरा-वीस वर्षं आम्ही काही थोडे लोक जे दबक्या आवाजात एकमेकांना ऐकवत होतो, ते आता अख्ख्या जगाच्या ओठांवर होतं, आणि जगाला त्याचं मूळ गाव माहीत नव्हतं. २०२१ चं सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी त्यालाच मिळालं. मी खूश व्हायला हवं होतं. झालोही, जरा उशिराने.

त्या काळात बर्निंगर काय करत होता? २०२० मध्ये त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, 'सर्पेंटाइन प्रिझन'. विली नेल्सनच्या 'स्टारडस्ट'सारखा दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम करावा म्हणून तो 'स्टारडस्ट'चाच निर्माता असलेल्या बुकर टी. जोन्सकडे गेला, आणि जोन्सने त्याची स्वतःची गाणी ऐकून तीच पुढे न्यायला लावली. यात आवाज इतका जवळ आहे की श्वास घेताना ओठ सुटल्याचंही ऐकू येतं. ज्या आवाजावर मी बारा-तेरा वर्षं काढली, तो इथे निखळ, कुणाच्या गर्दीशिवाय. मला हेच हवं होतं ना? ऐकत राहिलो. छान वाटलं. आणि चौथ्या-पाचव्या गाण्याला माझी बोटं ओट्यावर आपोआप वाजायला लागली, १, ४, ७, १०, कारण खाली कुणीच धावत नव्हतं.

म्हणजे वजाबाकीचं उत्तर ड्रम आलं, असं समजून मी वही बंद करणार होतो. पण ब्रायन डेव्हेनडॉर्फनेही त्याच २०२० मध्ये एकट्याने एक अल्बम केलाय, 'रॉयल ग्रीन' या नावाने. ज्या कंपनीने तो काढला तिचं नाव आकड्या-अक्षरांचं आहे, ३७डी०३डी. इंग्रजी लिपीत लिहून कागद उलटा धरला की 'पीपल' वाचता येतं, लहानपणी कॅल्क्युलेटरवर करायचो तसं. या अल्बमात तो स्वतः गातो. मी मोठ्या आशेने लावला. गाणी हळवी, थोडी विस्कटलेली. आवाज लाजरा, कुणी बघत नसताना गाणाऱ्या माणसाचा. मला तो माणूस फार आवडला. पण ते नव्हतं. जे मी शोधत होतो ते त्याच्याकडेही एकट्याचं असं नव्हतं. त्याला धावायला वर कुणीतरी सावकाश चालणारं लागतं. गणित फसलं ते इथे. पाचांतून चार वजा केले तर एक उरायला हवा, आणि दर वेळी उरलेला एक मला पुरत नव्हता. पाचांची बेरीज केली तरी काहीतरी हातचा राहत होता.

पुढची दोन वर्षं तर हातचाही राहतो की नाही अशी अवस्था होती. बर्निंगरला शब्द सुचेनासे झाले, नैराश्याने गाठलं, बॅंड संपतो की काय अशी भीती त्यांनाच वाटत होती. त्यांनी नंतर मुलाखतींत ते मोकळेपणाने सांगितलं. जोडधंदा बरकतीला आलेला आणि मूळ शेत पडीक. मग २०२३ मध्ये एकाच वर्षात दोन अल्बम आले. एप्रिलमधला पहिला मला ऍरनच्या पांघरुणातला वाटला, यंत्राचे ठोके, सगळं जपून ठेवलेलं. सप्टेंबरमधला 'लाफ ट्रॅक' न सांगतासवरता आला आणि त्यात ड्रम पुन्हा हाताने वाजत होते. शेवटचं गाणं, 'स्मोक डिटेक्टर', व्हॅंकूव्हरला कार्यक्रमाआधी आवाज तपासताना सहज सुरू झालेलं, जवळजवळ आठ मिनिटांचं. गिटारी खरखरताहेत, बर्निंगर तोंडाला येईल ते बोलतोय, कोण कुठे चाललंय कुणाला माहीत नाही, आणि खाली तो कपाळाला पट्टी बांधलेला माणूस कुणालाही पडू देत नाहीये. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा या माणसाकडे माझं लक्षही नव्हतं, नुसतं 'वा' म्हणून पुढे गेलो होतो. या वेळी मी पाण्याचा नळ बंद केला. लान्झेनडॉर्फचं ते दहा मिनिटांचं चक्र मला त्यात ऐकू आलं, ऍरनचा कच्चा पहिला अल्बम ऐकू आला, गायकाचा एल व्हायमधला मोकळेपणा ऐकू आला. सगळे आपापल्या वाऱ्या करून आले होते आणि पिशव्या दारातच ओतल्या होत्या.

आता मुलीचं. गेल्या आठवड्यात मी ओट्यापाशीच होतो, स्पीकरवर 'बॉक्सर', आवाज थोडा मोठा. ती पाणी प्यायला आली. फ्रिजचं दार उघडं धरून उभी राहिली, आत न बघता. मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकलोय की अशा वेळी आपण काही बोलायचं नसतं. बोललं की ती निघून जाते. बर्निंगर त्याच्या त्या जड पावलांनी एका कडव्यातून दुसऱ्यात गेला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, हा काका मला माहितीये."

"कोण?"

"हा गाणारा. 'कोनी आयलंड'मध्ये आहे ना तो टेलरबरोबर." फ्रिजने दार उघडं असल्याची पिपाणी वाजवायला सुरुवात केली होती. तिने ते पायाने ढकललं, बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले. ड्रम चालू होते. तिचं बोट बाटलीवर हलत होतं की नाही, मी नीट बघितलं नाही, मुद्दामच. "मस्त आहे हे," ती म्हणाली. "त्याचं साइड प्रोजेक्ट आहे का?"

मी कढई विसळत होतो. हो म्हणालो.